फाइलीत सेटिंग बदलली, तरी प्रोग्रॅम जुन्याच सेटिंगवर चालतो: तपासणी कुठून सुरू करायची

जिनिंगच्या वजनकाट्यावरचा संगणक असो, रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्याचं बिलिंग असो, जळगावच्या दालमिलमधला छोटा लिनक्स सर्व्हर असो की धुळ्याच्या पतसंस्थेतला डेटाबेस, तक्रार एकच असते. फाइलीत बदल केला, सेव्ह केला, प्रोग्रॅम बंद करून चालू केला आणि फरक शून्य. मग तीच फाइल पुन्हा उघडली जाते, आणखी दोन ओळी बदलल्या जातात आणि शेवटी प्रोग्रॅम काढून पुन्हा इन्स्टॉल होतो. एवढं करूनही बिघाड राहतो, कारण बहुतेक वेळा फाइलीतल्या ओळीत चूक नसते. एक तर प्रोग्रॅम ती फाइल वाचतच नसतो, नाहीतर ती वाचून झाल्यावर दुसरं कुणीतरी तीच किंमत बदलत असतं.

म्हणून नियम एकच: प्रोग्रॅम ही फाइल वाचतो याची खात्री होईपर्यंत तिच्यात आणखी एकही बदल करायचा नाही. खालच्या तपासण्या फुकट आणि दोन मिनिटांच्या कामापासून अवघड कामाकडे जातात. क्रम मोडू नका.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची, आणि ‘मोठा’ असं म्हटलं नसेल तिथे लहान अक्षरांत.

लक्षणं

- आयएनआय फाइलीत (सेटिंग्ज लिहिलेली साधी मजकूर फाइल) कॉम ५ (काट्याची वायर जोडलेल्या पोर्टचं नाव) लिहिलं आहे, पण काट्याचा प्रोग्रॅम ‘कॉम ३ सापडत नाही’ म्हणतो.
- डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून नीट चालतो. टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारं विंडोजचं साधन) किंवा सर्व्हिस (पडद्याआड आपोआप चालणारा प्रोग्रॅम) म्हणून चालवला की जुन्या सेटिंग्ज येतात.
- मालकाच्या लॉगिनमध्ये बदल दिसतो, ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये दिसत नाही.
- बदल केला तेव्हा फाइलीत दिसत होता, प्रोग्रॅम बंद केल्यावर फाइलीतूनच गायब झाला.
- वीज गेली आणि आली, तेव्हापासून सगळ्या सेटिंग्ज कंपनीतून आल्यासारख्या झाल्या.
- एका शाखेत चालणारी फाइल दुसऱ्या शाखेत फक्त फोल्डरचं नाव बदलून टाकली, तिथे चालत नाही.
- फाइल बदलल्यावर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

शेवटचं लक्षण दिसलं की लोक घाबरतात. ते या यादीतलं सगळ्यात चांगलं लक्षण आहे: प्रोग्रॅम ती फाइल वाचतो हे सिद्ध झालं. सरळ पाचव्या तपासणीवर जा.

आधी एवढं डोक्यात ठेवा

एकाच सेटिंगची किंमत चार-पाच ठिकाणांहून येऊ शकते. सगळ्यात खाली प्रोग्रॅममध्ये कोरलेली मूळ किंमत, तिच्यावर सगळ्या मशीनसाठीची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल, मग त्या वापरकर्त्याची स्वतःची फाइल, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टमने प्रोग्रॅमला नावानिशी दिलेली किंमत) आणि सगळ्यात वर कमांड लाइनवर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या आज्ञेतच, दिलेला पर्याय. नंतरचा आधीच्याला झाकतो. बहुतेक प्रोग्रॅम असेच वागतात आणि त्यात तर्क आहे: कमांड लाइनवर जे लिहिलं ते ‘आत्ता, या वेळेपुरतं’ म्हणून लिहिलेलं असतं, त्यामुळे त्याचं ऐकायला हवं.

पण अपवाद नेमके तुमच्याच वाट्याला येतात. दोन तर अगदी रोजच्या वापरातले आहेत. लिनक्सवर दूरून लॉगिन देणारा एसएसएचडी एखादी ओळ दोनदा आली तर पहिली धरतो, शेवटची नाही. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८ व्या आवृत्तीत ‘सेट पर्सिस्ट’ने दिलेली किंमत डेटाच्या फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ या फाइलीत जाते. ती फाइल सगळ्यात शेवटी वाचली जाते आणि कमांड लाइनवरही मात करते. हे माहीत नसलं की माणूस मुख्य फाइलीत दिवसभर डोकं घालून बसतो.

तपासणी १: प्रोग्रॅम खरंच बंद झाला होता का?

बरेच प्रोग्रॅम कॉन्फिग फाइल फक्त सुरू होताना वाचतात. खिडकीची फुली दाबली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असं नाही. घड्याळाशेजारच्या छोट्या आयकॉनमध्ये तो जिवंत असतो. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये त्याचं नाव दिसतंय का बघा. तिथे एकाच नावाचे दोन दिसले तर दोन्ही बंद करा, आणि मगच पुन्हा चालू करा.

विंडोजमध्ये आणखी एक गंमत आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ करून संगणक लावल्यावर विंडोजचा गाभा नव्याने सुरू होत नाही, झोपवलेला उठवला जातो. ‘संध्याकाळी बंद केला, सकाळी लावला, तरी तेच’ यामागे पुष्कळदा हेच असतं. मेनूतून ‘रिस्टार्ट’ निवडा.

लिनक्सवर ‘रीलोड’ (चालू असतानाच फाइल पुन्हा वाचणं) आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये मेमरीच्या काही सेटिंग्ज आणि पोर्ट नुसत्या रीलोडने लागत नाहीत, पूर्ण रीस्टार्ट लागतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तर रीलोडच्या वेळी फाइलीत चूक सापडली की जुन्या सेटिंगवरच बिनतक्रार चालत राहतो. चूक पुष्कळदा फक्त लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलीत, दिसते. म्हणून तिथे आधी ‘एनजिनएक्स -टी’, मगच रीलोड.

याच तपासणीत उलटा प्रकारही बघून घ्या. काही प्रोग्रॅम बंद होताना आपल्या डोक्यातल्या सेटिंग्ज फाइलीत पुन्हा लिहितात. प्रोग्रॅम चालू असताना तुम्ही फाइल बदलली, मग तो बंद केला, की तुमचा बदल पुसला जातो. काट्याच्या आणि बिलिंगच्या जुन्या प्रोग्रॅमांत हे फार दिसतं. आधी बंद करा, मग फाइल बदला, मग चालू करा.

तपासणी २: फाइलीचं नाव आणि आकार

नोटपॅडमध्ये नवी फाइल केली आणि माय.आयएनआय असं नाव दिलं, तर ती माय.आयएनआय.टीएक्सटी म्हणून सेव्ह झालेली असू शकते. विंडोज शेवटचे तुकडे लपवतो, त्यामुळे डोळ्याला नाव बरोबरच दिसतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ते कायम चालूच ठेवा. सेव्ह करताना नाव दुहेरी अवतरणात दिलं की हा त्रास होत नाही.

मग आकार बघा. शून्य बाइट असेल, किंवा आकार आहे पण उघडल्यावर आत कोरं किंवा नुसते चौकोन दिसत असतील, तर वीज जाताना फाइल लिहिली जात होती. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) आपल्या नोंदवहीतून फाइलींची रचना वाचवतो, आतल्या मजकुराची हमी देत नाही. अशी फाइल दुरुस्त करत बसू नका, जुनी प्रत परत ठेवा. प्रत नसेल तर निदान आजपासून ठेवा: त्याच फोल्डरमध्ये नको, दुसऱ्या ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटंही धरत नसेल तर हा बिघाड पुन्हा येणार, कॉन्फिगमध्ये काहीही लिहा.

तपासणी ३: तुम्ही बदलता ती आणि प्रोग्रॅम वाचतो ती फाइल एकच आहे का?

इथे निम्म्याहून जास्त प्रकरणं मिटतात असं धरून चला.

विंडोजवर मायएसक्यूएलची खरी माय.आयएनआय साधारणपणे सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये असते, आणि तो फोल्डर लपवलेला असतो. लोक प्रोग्रॅम फाइल्समध्ये जातात, तिथे ती दिसत नाही, म्हणून नवी बनवतात. सर्व्हिसला कोणती फाइल दिली आहे ते बघायला ‘सर्व्हिसेस’ उघडा, मायएसक्यूएलवर डबलक्लिक करा आणि ‘पाथ टू एक्झिक्यूटेबल’ची पूर्ण ओळ वाचा. तिथे ‘डीफॉल्ट्स-फाइल’च्या पुढे लिहिलेली फाइल तेवढी खरी.

जुन्या ३२ बिटच्या प्रोग्रॅमांचा प्रकार वेगळा. विस्टापासून विंडोज अशा प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही, आणि ‘नाही’ असंही सांगत नाही. तो लिहिलेलं गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवतो. पुढे तो प्रोग्रॅम वाचतानाही आधी तिथलीच प्रत वाचतो. तुम्ही मात्र ॲडमिन म्हणून मूळ फाइल बदलता. मालकाला एक सेटिंग आणि ऑपरेटरला दुसरी दिसते ती यामुळेच. व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत दुसरीकडे हलवा आणि पुन्हा चालवून बघा. कायमचा उपाय म्हणजे प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये न ठेवता डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये ठेवणं.

संशय राहिला तर मोडून बघायची चाचणी करा. फाइलीची प्रत काढा, मग मूळ फाइलीच्या पहिल्या ओळीत मुद्दाम काहीतरी अर्थहीन लिहा आणि प्रोग्रॅम सुरू करा. तो अडला तर फाइल बरोबर आहे. बिनधास्त सुरू झाला तर बहुधा तो ही फाइल वाचत नाही. ‘बहुधा’ एवढ्यासाठी, की काही प्रोग्रॅम न समजलेली ओळ सोडून पुढे जातात. ही चाचणी गाड्या काट्यावर उभ्या असताना करायची नाही, आणि दूरच्या सर्व्हरच्या एसएसएचडीवर तर कधीच नाही: लॉगिनचा दरवाजाच बंद होईल आणि तुम्ही बाहेर राहाल.

तपासणी ४: फाइलीच्या वर कोण बसलंय?

डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘टार्गेट’ची चौकट. बाणाने अगदी उजव्या टोकापर्यंत जा, कारण चौकट लहान असते आणि खरी गोष्ट शेवटी असते. इन्स्टॉल करणाऱ्याने तिथे पोर्ट कॉम ३ असा पर्याय घालून ठेवलेला असेल, तर आयएनआय फाइलीत काहीही लिहा, चालणार कॉम ३च. तो पर्याय काढा किंवा बदला, पण दोन्हीकडे ठेवू नका. दोन ठिकाणी लिहिलेली सेटिंग पुढच्या माणसाला फसवते.

त्याच खिडकीत ‘स्टार्ट इन’ बघा. प्रोग्रॅमला कॉन्फिगचा पूर्ण पत्ता दिलेला नसेल तर तो ‘मी उभा आहे त्या फोल्डरमध्ये’ फाइल शोधतो. शॉर्टकटवरून तो बरोबर जागी उभा असतो; टास्क शेड्यूलरमध्ये ‘स्टार्ट इन’ रिकामं सोडलं की सिस्टम३२ मध्ये. तिथे तुमची फाइल नाही, म्हणून तो मूळ किमतींवर चालतो. टास्क शेड्यूलरच्या त्या चौकटीत पूर्ण पत्ता लिहा, पण अवतरणचिन्हं न देता.

काट्याच्या बाबतीत एक गोष्ट जोडून सांगतो, कारण हंगामात नेमकी हीच अडचण येते. इंडिकेटरची (काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याची) सिरीयल वायर यूएसबी कन्व्हर्टरमधून आलेली असते. साफसफाईत कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत गेला की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देऊ शकतो. मग प्रत्येक वेळी फाइल बदलत बसण्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन नंबर बांधून टाका, आणि तो ९ च्या आतला ठेवा. १० आणि पुढच्या कॉम पोर्टचं नाव विंडोजला वेगळ्या पद्धतीने द्यावं लागतं, आणि जुन्या प्रोग्रॅमांना ती येत नाही.

लिनक्सवर याच तपासणीसाठी ‘सिस्टमसीटीएल कॅट’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव. त्यात मूळ युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) आणि तिच्यावर घातलेले सगळे तुकडे पत्त्यासकट दिसतात. ‘एक्झेकस्टार्ट’च्या (यात ई आणि एस मोठे) ओळीत पर्याय असतील तर ते फाइलीवर मात करणार. ती ओळ बदलायची तर ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरा, आणि नव्या तुकड्यात आधी ‘एक्झेकस्टार्ट’ बरोबर रिकामं, मग खालच्या ओळीवर नवी आज्ञा. रिकामी ओळ विसरली तर सर्व्हिस सांभाळणारा सिस्टमडी ‘एकापेक्षा जास्त’ म्हणून नकार देतो. युनिट फाइल हाताने बदलली असेल तर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ केल्याशिवाय ती वाचली जात नाही.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं तसंच. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) लिहिलेलं तुमच्या टर्मिनलला कळतं, सर्व्हिसला नाही. विंडोजवर ‘सेटएक्स’ने दिलेलं आधीच उघड्या असलेल्या काळ्या खिडकीत येत नाही, नवी उघडा.

तपासणी ५: फाइलीच्या आतला मजकूर

फाइल बरोबर, वर कोणी नाही, तरी चालत नाही? मग ओळ अक्षर-अक्षर वाचा.

पहिला संशयित कीबोर्ड. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि पोर्ट ३३०६ देवनागरी आकड्यांत गेला, तर आपल्याला तो ३३०६ दिसतो, बहुतेक प्रोग्रॅमना तो आकडाच वाटत नाही. दुसरा संशयित व्हॉट्सॲप आणि वर्ड. तिथून उतरवलेल्या ओळीत सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते, आणि व्हॉट्सॲप तारे व अधोरेखा ठळक-तिरक्या अक्षरांच्या खुणा समजून खाऊन टाकतो. कॉन्फिगची ओळ मेसेजमध्ये पाठवू नका. फाइलच जोडून पाठवा.

तिसरा संशयित बॅकस्लॅश, आणि याच्यावर जरा थांबायला हवं. मायएसक्यूएलच्या ऑप्शन फाइलीत बॅकस्लॅशनंतर लहान बी, टी, एन, आर किंवा एस आला की तो पत्त्याचा भाग राहत नाही. बी म्हणजे बॅकस्पेस, टी म्हणजे टॅब, एन म्हणजे नवी ओळ, आर म्हणजे कॅरेज रिटर्न आणि एस म्हणजे मोकळी जागा. आता शाखांच्या नावाचे फोल्डर रोमन लहान अक्षरांत करा. डी ड्राइव्ह, डेटा, पुढे जळगाव: चालतं. धुळे, चोपडा, अमळनेर, यावल, पाचोरा हेही चालतात. रावेर गेलं आरमुळे, नंदुरबार एनमुळे, भुसावळ बीमुळे, तळोदा टीमुळे, सावदा आणि शिरपूर एसमुळे. ‘जळगावची फाइल रावेरला टाकली, फक्त गावाचं नाव बदललं’ या तक्रारीचं उत्तर हे आहे. उपाय सोपा: विंडोजवरही पत्त्यात साधा पुढे झुकलेला स्लॅश वापरा, किंवा प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहा. जेसन (सेटिंग्ज लिहायचा एक ठरलेला साचा) फाइलीतही बॅकस्लॅश दोनदाच लागतो. तिथे फरक एवढाच, की न समजणारं अक्षर आलं की पूर्ण फाइल नाकारली जाते. ते परवडतं, निदान कळतं तरी.

वायएएमएल (असाच दुसरा साचा) फाइल असेल तर टॅब नको, मोकळ्या जागाच. आणि आकड्यासारखा दिसणारा पण आकडा नसलेला मजकूर अवतरणात ठेवा. वायएएमएलच्या १.१ आवृत्तीच्या नियमाने शून्याने सुरू होणारा आकडा आठाच्या पायातला धरला जातो: जळगावचा एसटीडी कोड ०२५७ लिहिला तर प्रोग्रॅमच्या हाती १७५ लागतात. २२:२२ हे साठाच्या पायात मोजून १३४२ होतं, आणि ‘नो’ हा शब्द ‘असत्य’ होतो.

उरलेलं पटकन: तीच ओळ खाली पुन्हा आहे का ते शोधा. ओळ योग्य विभागाच्या नावाखाली (ते चौकोनी कंसात असतं) आहे का बघा. मायएसक्यूएलमध्ये ‘क्लायंट’खाली लिहिलेलं सर्व्हरला लागत नाही, ‘मायएसक्यूएलडी’खाली हवं. नोटपॅडच्या ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ (सुरुवातीला न दिसणारी खूण घालणाऱ्या) या प्रकारात सेव्ह केलेली फाइल मायएसक्यूएलला पहिल्याच ओळीवर अडवते. साधं ‘यूटीएफ-८’ किंवा ‘एएनएसआय’ निवडा. विंडोजवरून लिनक्सवर नेलेली फाइल ‘कॅट -ए’ने (इथे मोठा ए) बघा, ओळींच्या शेवटी टोपी आणि मोठा एम दिसला तर ‘डॉसटूयुनिक्स’ (‘टू’च्या जागी इंग्रजी आकडा दोन) चालवा. आणि परवानग्या: कोणालाही लिहिता येईल अशी माय.सीएनएफ लिनक्सवर मायएसक्यूएल वाचतच नाही, एक सूचना देऊन पुढे जातो. ‘चालत नाही’ म्हणून ७७७ (सगळ्यांना सगळं करता येईल अशी) परवानगी देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तपासणी ६: प्रोग्रॅमलाच विचारा

ज्याला आज्ञा देता येते त्याने खरं तर पहिल्या तपासणीनंतर थेट इथेच यावं.

मायएसक्यूएल: ‘मायएसक्यूएलडी --व्हर्बोज --हेल्प’च्या सुरुवातीच्या भागात कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या जातात ते छापलेलं असतं. आवृत्ती ८ मध्ये परफॉर्मन्स स्कीमातल्या ‘व्हेरिएबल्स_इन्फो’ या तक्त्यात प्रत्येक सेटिंगचा उगम आणि फाइलीचा पत्ता मिळतो.

पोस्टग्रेसक्यूएल: ‘शो कॉन्फिग_फाइल’ने खऱ्या फाइलीचा पत्ता. ‘पीजी_सेटिंग्ज’मध्ये सोर्स, सोर्सफाइल, सोर्सलाइन आणि पेंडिंग_रीस्टार्ट हे चार रकाने बघा; पोस्टग्रेस वापरकर्ता म्हणून लॉगिन करा, नाहीतर पत्ता रिकामा दिसतो. सोर्सफाइल पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ दाखवत असेल तर कुणीतरी ‘ऑल्टर सिस्टम’ वापरलं आहे. ती फाइल हाताने बदलू नका, ‘ऑल्टर सिस्टम रीसेट’ करा. एखाद्या डेटाबेसला किंवा वापरकर्त्याला वेगळी किंमत दिलेली असेल तर तीही फाइलीवर मात करते.

एसएसएचडी: मोठ्या टीसह ‘एसएसएचडी -टी’ म्हणजे शेवटी लागू झालेल्या सगळ्या सेटिंग्ज; लहान टी म्हणजे फक्त फाइल बरोबर आहे का ते. उबुंटूवर मुख्य फाइलीच्या वरच्याच भागात एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डर ओढून घेतलेला असतो आणि पहिली किंमत जिंकते, म्हणून खाली तुम्ही लिहिलेलं वाया जातं. एनजिनएक्सला मोठा टी दिला की सगळ्या फाइली एकत्र छापून येतात.

तपासणी ७: प्रोग्रॅम कोणत्या फाइली उघडतो ते पाहणं

प्रोग्रॅम काही सांगत नसेल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन प्रोसेस मॉनिटर, लिनक्सवर एसट्रेस. प्रोसेस मॉनिटरमध्ये प्रोग्रॅमच्या नावाची आणि पत्त्यात ‘.आयएनआय’ असण्याची चाळणी लावा, मग प्रोग्रॅम सुरू करा. ‘नेम नॉट फाउंड’ अशा ओळी म्हणजे त्याने कुठे कुठे शोधलं, ‘सक्सेस’ म्हणजे कुठे सापडलं. लिनक्सवर ‘एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनॅट’ आणि पुढे आज्ञा. एकही आयएनआय दिसली नाही तर सेटिंग्ज बहुधा रजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या साठ्यात), डेटाबेसमध्ये किंवा दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत आहेत, आणि तुम्ही बदलत होता ती फाइल जुन्या आवृत्तीची राहून गेलेली असू शकते.

प्रोग्रॅम तुम्हीच लिहिला असेल तर

हा बिघाड अर्ध्या वेळा लिहिणाऱ्याने घातलेला असतो. पायथनच्या आर्गपार्समधला (कमांड लाइनचे पर्याय वाचणारा भाग) ठरलेला प्रकार बघा: पोर्टच्या पर्यायाला ‘डीफॉल्ट’ म्हणून ८०८० दिलं. आता वापरणाऱ्याने कमांड लाइनवर काहीच दिलं नाही तरी हातात ८०८० येतात, आणि ते ‘कमांड लाइनवरून आलं’ म्हणून फाइलीतल्या ९००० वर मात करतं. पर्यायांना डीफॉल्ट ‘नन’ (मोठा एन; म्हणजे ‘काहीच दिलं नाही’) ठेवा. खऱ्या मूळ किमती वेगळ्या ठिकाणी ठेवा. मग मूळ किमती, फाइल, एन्व्हायर्नमेंट, कमांड लाइन या क्रमाने एकावर एक घाला, आणि दिलेलंच नाही ते सोडून द्या.

हो-नाहीच्या पर्यायाला उलटी बाजूही हवी. फाइलीत छपाई चालू असेल तर आजच्यापुरती बंद करायला ‘--नो-प्रिंट’ लागतं, पायथन ३.९ पासून त्यासाठी ‘बूलियनऑप्शनलॲक्शन’ (बी, ओ आणि दुसऱ्या शब्दानंतरचा ए मोठे) तयार मिळतं.

काय कुठे ठेवायचं? मशीनगणिक बदलतं पण रोज तेच राहतं ते फाइलीत: कॉम पोर्ट, बॉड रेट, प्रिंटरचं नाव, डेटाबेसचा पत्ता. धावेगणिक बदलतं ते कमांड लाइनवर: तारीख, ‘नुसतं दाखव, करू नको’, जास्त लॉग. कॉन्फिग फाइलीचा पत्ता अर्थातच कमांड लाइनवर. पासवर्ड कमांड लाइनवर नकोच. लिनक्सवर ‘पीएस’ चालवणाऱ्या कुणालाही तो दिसतो आणि टास्क मॅनेजरमध्येही कमांड लाइनचा रकाना असतो. तो फक्त त्या वापरकर्त्याला वाचता येईल अशा फाइलीत ठेवा.

अनोळखी ओळ दिसली की ओळ क्रमांक सांगून थांबा. गिळून पुढे जाऊ नका. सुरू होताना लॉगमध्ये ‘पोर्ट कॉम ५, काटा.आयएनआयच्या १२व्या ओळीवरून’ असं लिहा. या एका ओळीने वरच्या सातपैकी चार तपासण्या लागत नाहीत. फाइल लिहायची तर शेजारी तात्पुरती फाइल लिहून, डिस्कवर पोचवून, मग नाव बदला. वीज मध्येच गेली तर जुनी तरी शाबूत राहते. आणि माणसाने लिहिलेल्या फाइलीत प्रोग्रॅमने लिहू नये. पोस्टग्रेसक्यूएलने ९.४ मध्ये वेगळी ऑटो फाइल केली ती यासाठीच.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- काट्याचं वजनच चुकत असेल, फक्त संगणकावर न येणं नव्हे. कॅलिब्रेशन इंडिकेटरमध्ये असतं आणि त्यावर वैधमापन विभागाचं सील असतं. सील तोडू नका. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच आणि पुन्हा पडताळणी विभागाकडून करून घ्या.
- डेटाबेसच्या डेटा फोल्डरचा पत्ता बदलायची वेळ आली आणि आजचा बॅकअप नाही. चुकीच्या पत्त्यावर सर्व्हर रिकामा उठला आणि त्यात नवी बिलं पडली, तर दोन्ही डेटा जुळवणं फार महाग पडतं.
- सर्व्हर दूर आहे, एसएसएच किंवा फायरवॉल बदलायचं आहे आणि तिथे कीबोर्डसमोर बसणारं कोणी नाही. जायला कोणी मिळेपर्यंत थांबा. बदल करतानाही आधीचं एक लॉगिन उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय याची खात्री करा.
- कॉन्फिग फाइल उघडली तर आत वाचता न येणारा मजकूर आहे, किंवा प्रोग्रॅम परवान्याच्या डोंगलला (यूएसबीत लावायच्या किल्लीला) बांधलेला आहे. विक्रेत्याशिवाय हात लावू नका.
- डिस्कवर फाइली वारंवार शून्य बाइट होत आहेत, वीज न जाताही. हा कॉन्फिगचा विषय राहिला नाही. आधी डेटा दुसरीकडे घ्या, मग डिस्क तपासून घ्या.

‘भाऊ, सेटिंग बदली, पन फरक काहीच पडना नही’ एवढ्यावर फोनवरून कोणालाच काही सांगता येत नाही. फोन करण्याआधी पाच गोष्टी हाताशी ठेवा: कॉन्फिग फाइल जोडलेली (पासवर्ड खोडून), शॉर्टकटच्या ‘टार्गेट’ आणि ‘स्टार्ट इन’चा किंवा ‘सिस्टमसीटीएल कॅट’चा फोटो, प्रोग्रॅमची आवृत्ती, चुकीचा संदेश शब्दशः, आणि शेवटचं नीट कधी चाललं व त्यानंतर काय बदललं. कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला असेल तर तेही सांगा.